एकोणसत्तर गेले कोठे?

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात निमोणे हे गाव आहे. येथील लोकांचा मोठा बाजार शिरूरला भरतो. जुनी माणसे शिरूरला अजूनही घोडनदी म्हणतात. बियाणे असो, भांडी असोत की मुलांची पुस्तके असोत, त्यांसाठी घोडनदीचीच वाट धरावयाची, हा गावाचा जुना परिपाठ आहे. अलीकडे त्या बाजारपेठेत संगणकाच्या वस्तूंची दुकानेही झाली आहेत. अशाच एका दुकानातून आणलेल्या वस्तूवरून, एका दिवाळीच्या सुट्टीत, निमोण्याच्या एका घरात मोठा गहजब झाला.

त्या घरातील आजीला जात्यावरच्या ओव्या फार येतात. जाते केव्हाच अंगणात जाऊन पडले आहे. परंतु ओव्या तिच्या ओठांवर अजून ताज्या आहेत. थोरली नात पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. घरी आली की ती आजीजवळ बसे आणि एकेक ओवी ध्वनिमुद्रित करून घेई. या ओव्या, घरातील लग्नांची चित्रे आणि आबांच्या तरुणपणीची दोन-चार छायाचित्रे एकत्र जपून ठेवावीत, असे सर्वांच्या मनात आले. सातवीत शिकणाऱ्या धाकट्या नातवाने आपले खाऊचे पैसे पुढे केले, उरलेले वडिलांनी घातले, आणि शिरूरहून एक हार्ड डिस्क विकत आली. तिच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत छापले होते, ‘१ टेराबाइट’.

एक टेराबाइट म्हणजे हजार गिगाबाइट, हे मुलाला ठाऊक होते. त्याने डिस्क संगणकाला जोडली. पडद्यावर आकडा उमटला, ९३१ गिगाबाइट. त्याने ती काढून पुन्हा जोडली. आकडा तोच! हजारातून नऊशे एकतीस वजा केले की उरतात एकोणसत्तर. डिस्क कोरी होती. तिच्यावर अद्याप एकही ओवी चढली नव्हती. मग हे एकोणसत्तर गेले कोठे?

मुलगा तसाच घराबाहेर पडला. मारुतीच्या पारावर त्याचे चार मित्र बसले होते. त्यांना त्याने सांगून टाकले, की शिरूरचा तो दुकानदार लबाड आहे, पेटीवर एक लिहितो आणि आत दुसरेच देतो. मित्रांनी ते खरे मानले. न मानण्याचे कारणही नव्हते, कारण आकडा डोळ्यांनी पाहिलेला होता.

घरी परत आल्यावर त्याने तीच हकिकत आबांना सांगितली. आबांचे वय ऐंशीच्या घरात. ते ओसरीवर पाठ टेकून बसले होते.

“आबा, उद्या मी शिरूरला जाणार आणि भर दुकानात त्याला जाब विचारणार. एकोणसत्तर गिळले त्याने!”

“गिळले म्हणतोस, पण तू मोजलेस कोणत्या मापाने?” आबांनी विचारले.

“मी कशाला मोजू? संगणकानेच मोजले.”

“बरे, संगणकाचे माप कोणते आणि दुकानदाराचे माप कोणते?”

मुलगा गप्प राहिला. गिगाबाइट म्हणजे गिगाबाइट, त्यात दोन मापे कशी असतील, असे त्याला वाटले. आबांनी त्याला माजघरातील कोनाड्यातून एक लोखंडी वजन आणावयास सांगितले. घरात त्याचा उपयोग सुपारी ठेचण्यास आणि वाऱ्याने आपटणारे दार अडविण्यास होत असे. ते जुन्या काळचे शेराचे वजन होते.

आबांचे बालपण शेराच्या राज्यात गेले. त्या काळी एका रुपयाचे सोळा आणे आणि एका आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे होत. वजनात ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर आणि चाळीस शेरांचा मण असे. धान्य मात्र बहुधा मापाने मोजीत. पायलीच्या अर्धी अधोली, अधोलीच्या अर्धा शेर, शेराच्या अर्धे मापटे, मापट्याच्या अर्धे चिपटे, चिपट्याच्या अर्धे कोळवे आणि कोळव्याच्या अर्धे निळवे. म्हणजे एका पायलीत निळवी किती? रुपयात पैसे होते तितकीच, चौसष्ट! हा हिशेब कोणी पंडिताने बसवलेला नव्हता. खळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला धान्याच्या राशीचे दहा सारखे भाग पाडणे कठीण जाते. पण दोन सारखे भाग पाडणे, आणि त्या अर्ध्याचे पुन्हा दोन, हे कोणालाही साधते. या अर्ध्याच्या हिशेबाचे काम पुढे पुन्हा पडणार आहे.

या व्यवस्थेत एक मोठी खोट होती. वजनाचा शेर निराळा व मापाचा शेर निराळा. शिवाय या गावचा शेर त्या गावच्या शेराशी जुळेलच, याची शाश्वती नसे. नाव एक आणि माप अनेक. स्वातंत्र्यानंतर हा गोंधळ मिटविण्याचे सरकारने ठरविले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, त्याप्रमाणे १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत किलोची वजने आली, आणि १ एप्रिल १९६२ पासून ती सर्व देशात सक्तीची झाली. मापे बदलण्यास एक दिवस पुरतो. माणसांच्या सवयी बदलण्यास मात्र पुष्कळ वर्षे लागतात. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. आता सव्वा पैसा द्यावा कसा? एका आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, तीन आण्यांस एकोणीस, असा सरकारी तक्ता पाहून लोक व्यवहार करीत, आणि प्रत्येकाला आपलेच काहीतरी बुडाले असे वाटे.

त्या दिवसांत आबा पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि शिरूरच्या एका दुकानात तागडी धरण्याचे काम करीत. एके दिवशी एक शेतकरी भुईमुगाच्या शेंगांचे पोते घेऊन आला. घरच्या जुन्या वजनांनी त्याने शेंगा नीट जोखून आणल्या होत्या. बरोबर एक मण, चाळीस शेर. दुकानात वजने किलोची. आबांनी शेंगा जोखल्या आणि मोठ्याने सांगितले, “सदतीस किलो आणि वर थोडे.”

शेतकऱ्याने सदतीस तेवढे ऐकले. चाळीस निघाले आणि सदतीस पोहोचले, मग तीन कोणी खाल्ले? तो आबांवर ओरडला. दुकानासमोर माणसे जमली. कोणीतरी म्हणाले, पोरगा तागडी मारतो. दुकानाच्या मालकाने मागच्या खोलीतून जुने शेर काढून आणले, ते पारड्यात मांडले आणि त्याच शेंगा पुन्हा जोखून दाखविल्या. काटा उभा राहिला तेव्हा चाळीस शेर पुरे झाले होते. पक्का शेर म्हणजे ९३३ ग्रॅम आणि किंचित वर. तेव्हा चाळीस शेरांचे साडेसदतीस किलोंना थोडे कमीच भरणार, नेमके सांगायचे तर ३७ किलो ३२४ ग्रॅम. शेंगांचा एक दाणाही हरवला नव्हता. मोजावयाचा दगड मोठा झाला होता, म्हणून आकडा लहान आला.

“मग त्या शेतकऱ्याने तुमची क्षमा मागितली का?” मुलाने विचारले.

“शेंगांचे पैसे घेऊन तो मुकाट्याने निघून गेला. पुन्हा कधी त्या दुकानात आला नाही. माणूस वाईट नव्हता रे. चुकले हे कळल्यावर त्याला तोंड दाखवावेसे वाटले नसेल. पण जमलेल्यांपैकी निम्मी माणसे दुसऱ्यांदा जोखण्याच्या आधीच पांगली होती. त्यांच्या लेखी मी चोर तो चोरच राहिलो.”

मुलाला पारावरचे चार मित्र आठवले. तो काही बोलला नाही.

एवढ्यात ताईने स्वयंपाकघरातील विजेरीवर चालणारा वजनकाटा आणला आणि तो लोखंडी शेर त्यावर ठेवला. आकडा आला ९३० ग्रॅम. साठ-पासष्ट वर्षांच्या वापराने तीन ग्रॅम झिजले असावेत. मग ती म्हणाली, “हजार शेर धान्य किलोने जोखले तर ९३३ किलो भरते. आणि तुझे हजार गिगाबाइट संगणकाला ९३१ दिसतात. हे आकडे इतके जवळ यावेत हा योगायोग आहे. पण घडले ते अगदी तेच आहे.”

संगणकाच्या पोटात काय चालते, हे येथे थोडे पाहिले पाहिजे. संगणकाला दहा अंक ठाऊक नसतात; त्याला दोनच अवस्था कळतात, वीज आहे आणि वीज नाही. दिव्याची कळ जशी चालू असते किंवा बंद असते, तसेच हे. अशा एका खुणेला बिट म्हणतात, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. इंग्रजीचे साधे अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत तीन बाइट घेते. ‘निमोणे’ या शब्दात तीन अक्षरे आणि तीन मात्रा-वेलांट्या, मिळून सहा चिन्हे आहेत. म्हणून गावाचे नाव लिहिण्यास अठरा बाइट लागतात.

संगणकाच्या आतील स्मृती ही कप्प्यांच्या भिंतीसारखी असते. कोणता कप्पा उघडावयाचा, हे कळांच्या मांडणीवरून ठरते. एक कळ असेल तर दोन कप्पे ओळखता येतात, एक कळ चालू असतानाचा व एक बंद असतानाचा. दोन कळा झाल्या की चार कप्पे, तीन झाल्या की आठ. प्रत्येक नवी कळ कप्प्यांची संख्या दुप्पट करते. निळव्यापासून पायलीपर्यंत चढत जावे तसाच हा हिशेब चढतो: सोळा, बत्तीस, चौसष्ट. दहा कळांशी पोहोचले की संख्या येते १,०२४.

येथेच गोंधळाचे बी पडले. किलो म्हणजे हजार, हे फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस ठरले आणि जगाने मान्य केले. संगणक बांधणाऱ्यांना १,०२४ ला एखादे सुटसुटीत नाव हवे होते. हजाराला चोवीसच तर अधिक आहेत, असे म्हणून त्यांनी किलो हेच नाव उसने घेतले आणि १,०२४ बाइटांना ते किलोबाइट म्हणू लागले. हजारात चोवीस म्हणजे शेकडा अडीचसुद्धा नव्हे, इतक्या फरकाकडे कोण पाहतो? पण हा फरक चक्रवाढ व्याजासारखा आहे. मेगाबाइट म्हणजे १,०२४ किलोबाइट धरले, की दहा लाखांऐवजी १०,४८,५७६ बाइट होतात. आणखी एक पायरी चढून गिगाबाइट घेतला, तर शंभर कोटींऐवजी १,०७,३७,४१,८२४ बाइट होतात. फरक आता शेकडा सातांच्या पुढे गेला. टेराबाइटाशी तो शेकडा दहाला जवळजवळ टेकतो.

हार्ड डिस्कची जात मात्र वेगळी. ती गोल तबकड्यांची बनलेली असते आणि त्यांवर वर्तुळाकार पट्ट्यांत मजकूर नोंदला जातो. तबकड्या किती, पट्ट्या किती, पट्टीवर मजकूर किती दाटून बसतो, यावर तिची एकूण जागा ठरते. ती दुपटीच्या हिशेबात बसण्याचे काही कारण नसते. पहिली अशी डिस्क आय. बी. एम. कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. आपल्याकडे वजनमापांचा कायदा झाला तेच हे वर्ष! तिच्यात पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. तेव्हापासून डिस्क करणारे आपला माल साध्या दशमान पद्धतीनेच मोजत आले. त्यांच्या लेखी गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट आणि टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्ये, एक लाख कोटी बाइट.

दुकानातील पेटीवर डिस्कवाल्यांचे माप होते. मुलाच्या संगणकावर विंडोज ही प्रणाली होती, आणि ती जागा दुपटीच्या मापाने मोजते. पण आकड्यापुढे नाव मात्र गिगाबाइट हेच लिहिते. ताईने मुलाच्या हाती वही-पेन्सिल दिली. एक लाख कोटीला १,०७,३७,४१,८२४ ने भागावयाचे होते. मुलाने भागाकार मांडला. तो लांबलचक झाला, एकदा चुकलाही. परंतु अखेर उत्तर आले ९३१, आणि बाकी उरली ३४,६३,६१,८५६.

“नऊशे एकतीस!” मुलगा ओरडला.

“आता हे पाहा,” असे म्हणून ताईने डिस्कच्या गुणधर्मांची चौकट पडद्यावर उघडली. तेथे गिगाबाइटांचा आकडा होताच. पण त्याच्या शेजारी सगळे बाइट एक-एक करून मोजलेली संख्याही होती. ती एक लाख कोटींहून थोडी अधिकच निघाली. डिस्क करणारे बहुधा असे चार दाणे वर टाकतात. म्हणजे लोकांना लबाड वाटलेल्या त्या दुकानातून माप कमी तर मिळाले नव्हतेच, उलट त्यावर लहानशी शीगही होती.

“पण ताई, डिस्कचा थोडा भाग तिच्या स्वतःच्या कामासाठीही लागतो, असे आमचे सर म्हणाले होते.”

“तेही खरे आहे. कोणता मजकूर कोठे ठेवला याची नोंदवही डिस्कवरच असते. शेतात बांधाला जागा जाते तशी तिला थोडी जागा जाते. पण एकोणसत्तर गिगाबाइट काही बांधाखाली जात नाहीत!”

आबा हे सारे लक्षपूर्वक ऐकत होते. ते म्हणाले, “आमच्या वेळी निदान शेर आणि किलो अशी नावे दोन होती, तरी एवढे रामायण झाले. तुमच्याकडे मापे दोन आणि नाव एकच! यावर कोणी कायदा केला नाही का?”

प्रयत्न झाला आहे. वीज व तिच्या उपकरणांची प्रमाणे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ साली दुपटीच्या मापांना निराळी नावे दिली. १,०२४ बाइटांचा किबिबाइट, त्यापुढे मेबिबाइट आणि गिबिबाइट. म्हणजे मुलाच्या डिस्कमध्ये हजार गिगाबाइट होते आणि तेच ९३१ गिबिबाइट होते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी. ही नावे शास्त्रीय ग्रंथांत आणि काही संगणक-प्रणालींत वापरली जातात; बाजारात मात्र ती रुजली नाहीत. ती उच्चारावयास इतकी बोबडी आहेत, की त्याचे फारसे नवल वाटू नये. ॲपल कंपनीने दुसरा मार्ग धरला. २००९ साली तिने आपल्या मॅक संगणकांवर जागा दशमान पद्धतीने मोजण्यास आरंभ केला, तेव्हा हीच डिस्क तेथे हजार गिगाबाइटांची दिसते. अमेरिकेत तर या फरकावरून ग्राहक न्यायालयात गेले, आणि डिस्क करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी २००६ आणि २००७ साली तडजोड करून ते दावे मिटविले. आता पेट्यांवर बारीक अक्षरांत एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट असा खुलासा छापलेला आढळतो. मुलाने टाकून दिलेली पेटी शोधून आणली. तो खुलासा तिच्या मागच्या बाजूला होता. अक्षरे मात्र इतकी बारीक, की आबांना चष्मा लावूनही ती वाचता आली नाहीत. “एवढी गोष्ट पुढच्या बाजूला ठळक छापावयास काय झाले होते?” असे ते म्हणाले, आणि ते म्हणणे मुळीच वावगे नव्हते.

इतका वेळ दारात उभी असलेली आजी पुढे आली. तिला या साऱ्यातून एकच गोष्ट जाणून घ्यावयाची होती.

“माझ्या ओव्या मावतील ना रे त्यात?”

ताई हसली. “आजी, तू दोन वर्षे दिवसरात्र न थांबता ओव्या म्हणत बसलीस तरच ही डिस्क भरत येईल.”

“मग कशाला भांडत होता?” असे म्हणून आजी आत गेली.

दुसऱ्या दिवशी शिरूरला जाण्याचा बेत मुलाने सोडून दिला. परंतु सकाळी चहा होताच तो वही काखेत मारून पाराकडे निघाला. चौघांपैकी तिघेच तेथे होते. चौथा पहाटेच वडिलांबरोबर शिरूरच्या बाजाराला गेला होता. मुलाने तिघांना भागाकार दाखविला. एकाने खिशातून चौसष्ट गिगाबाइटांचा पेन ड्राइव्ह काढला आणि तो संगणकात साठाला थोडा कमी कसा दिसतो, हे त्याच रीतीने करून पाहू लागला. मुलाचे तिकडे लक्ष नव्हते. शिरूरहून येणारी एस. टी. जेथे थांबते, त्या रस्त्याकडे तो पुनःपुन्हा पाहत होता.